टिकलीखालचा फणस

३ जुलै

दिशाने सांगितलं म्हणून ही वही. दिशा माझी कॉलेजातली मैत्रीण, आता महाडला एका दवाखान्यात समुपदेशन करते. तिचं म्हणणं, भीती डोक्यात ठेवली की फुगते, कागदावर उतरवली की आकसते. तिने एक नियमही घालून दिलाय. कशाचीही भीती वाटली की ओरडायच्या आधी तीन साधी कारणं शोधायची आणि लिहून काढायची. तिसरं लिहून होईपर्यंत छातीतली धडधड थांबते म्हणे. बघू.

तर पहिली नोंद अशी, की मी समीक्षा गोमाजी, वय एकोणतीस, भित्री भागूबाई. वाडीत मला गेल्या वर्षापासून ‘भोंगा’ म्हणतात. गेल्या श्रावणात एका संध्याकाळी डोंगरातून घरघर ऐकू आली आणि मी दारोदार पळत सुटले, “डोंगर येतोय, खाली चला!” नऊ घरांतली माणसं, तान्ह्या पोरांसकट, खालच्या गावच्या शाळेत दोन दिवस बसून राहिली. डोंगर जागचा हलला नाही. घाटात कुणाचा तरी डंपर बिघडला होता, त्याची ती घरघर. आणि आवडीकाकूची गाभण गाय गोठ्यात दाव्याला बांधलेलीच राहिली. ती एकटीच व्याली. वासरू तिच्या पायाशी मरून पडलेलं सापडलं.

आवडीकाकू माझ्या आईची जिवाची मैत्रीण. आई गेल्यावर वर्षभर माझी भाकरी तिच्याच चुलीवर झाली. त्या वासरानंतर ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. बाबा तेव्हा म्हणाले होते, “परत भोंगा वाजवलास तर मी उठायचा नाय. सांगून ठेवतंय.”

भीती अगदीच हवेतली आहे असंही नाही. आमच्या भागात डोंगर खाली आलेले आम्ही पाहिलेत. दर पावसाळ्यात वाडीला नोटीस येते, अतिवृष्टीत स्थलांतर करावे. बाबा ती घडी करून देवाच्या फळीमागे खोचतात. तिथे आता जाडजूड गठ्ठा झालाय.

या वर्षी मी ओरडणार नाही. लिहून ठेवते.

५ जुलै

शहबाजभाईंकडून नवा खोका आला. महाडला त्यांचं लॅपटॉप-कॅमेऱ्याचं दुकान आहे. स्टँड, चार्जर, कार्ड रीडर असल्या किरकोळ वस्तू ते मला धाडतात, मी त्या इथे वाडीत वापरून बघते आणि तीन मिनिटांचा व्हिडिओ करून देते. पावसात, चिखलात, वीज नसताना चालतं का, एवढंच मी सांगते. लोकांना ते आवडतं, कारण डबा उघडून दाखवणारे पुष्कळ आहेत, आमच्या पडवीत चालवून दाखवणारं कुणी नाही.

या खेपेला लॅपटॉपखाली ठेवायचं पंख्याचं पॅड आहे, एक पॉवर बँक, कॅमेऱ्याचं रेन कव्हर, ठरावीक वेळेला आपोआप फोटो काढणारा टायमर-रिमोट, आणि कॅमेरा खांबाला आवळून धरणारा क्लॅम्प. पंख्याच्या पॅडवर बाबांनी सादळलेल्या काडेपेट्या वाळत घातल्या. तासाभरात वाळल्या. हे व्हिडिओत घेणार.

क्लॅम्पची परीक्षा कडक ठेवलीय. पडवीच्या खांबाला कॅमेरा आवळला, कव्हर घातलं, टायमर लावला. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. दहा दिवस हात लावायचा नाही. पकड जराही सुटली तर फोटोत कळेल. समोर दिसतं ते असं: डावीकडून उजवीकडे उतरणारा डोंगर, मधोमध आमचा कापा फणस, खाली आवडीकाकूच्या कौलांची कड. वरच्या कोपऱ्यात आमच्या पत्र्याची पन्हळ मध्ये येते. कॅमेरा कसाही फिरवला तरी ती जाईना, तेव्हा राहू दिली.

मोजायला एक युक्ती काढली. आईचं टिकल्यांचं पाकीट अजून आरशाच्या कडेला टाचलेलं आहे. त्यातली एक मरून टिकली काढून लॅपटॉपच्या पडद्यावर चिकटवली, बरोबर फणसाच्या बेचक्यावर. रोजचा फोटो उघडला की बेचकं टिकलीखाली लपायला हवं. लपलं तर क्लॅम्प पास.

७ जुलै

पास. पाऊस मुसळधार. वीज परवापासून नाही, पॉवर बँकेवर लॅपटॉप दोनदा चार्ज झाला. बाबा म्हणाले, “हा डबा आपल्याकडं ऱ्हाऊ दे, देऊ नको परत.”

९ जुलै

बेचकं टिकलीतून बाहेर आलंय. फार नाही, भाताच्या दाण्याएवढं, उजवीकडे आणि खाली. म्हणजे कॅमेरा फिरला. क्लॅम्प घसरतोय.

नियमाप्रमाणे कारणं लिहिते, जरी ही भीती नाही, नुसती चीड आहे. ओल्या लाकडावर रबर घसरतं. कव्हरवर साचलेल्या पाण्याचं वजन पडतं. वारा. बस्स, झाली तीन.

१० जुलै

मागचं दार बसेना. काल सरळ लागत होतं, आज वरच्या कोपऱ्यात अडकलं. मी तीनदा खांदा लावला, मग भीतीने वही काढली. साधी कारणं: लाकूड फुगतं, बिजागरी जुनी आहे, पावसाळ्यात कुणाचं दार नीट लागतं? बाबांनी रंधा काढला आणि कड तासली. दार लागलं. छाती खरंच शांत झाली, दिशाचं औषध चालतंय म्हणायचं.

फणस मात्र आणखी एक दाणा सरकला.

१२ जुलै

आज झऱ्यावर आवडीकाकू भेटली. भेटली म्हणजे मी हंडा घेऊन उभी, तीही हंडा घेऊन उभी. पाणी तांबडं, चहासारखं. ती माझ्याकडे न बघता वाडीतल्या कोंडाजीआजाला म्हणाली, “कदी बगितलंय काय असला पानी? सासू सांगायची, हा झरा कदी गढूळ व्हत नाय.” आजा म्हणाला, “औंदा पाऊसच तसा हाय.”

मला काकूला विचारायचं होतं की तुला भीती वाटते का. त्याऐवजी मी हंडा भरून घेतला. वर्षभरात तिने माझ्यासमोर उच्चारलेलं हे सगळ्यात मोठं वाक्य होतं, आणि ते कोंडाजीआजासाठी होतं.

गढूळ पाण्याची कारणं: पाऊस, पाऊस, पाऊस. तीन झाली.

१४ जुलै

बेचकं टिकलीपासून करंगळीच्या पेराएवढं लांब गेलंय. मी व्हिडिओ लिहून टाकला. “मंडळी, हा क्लॅम्प घेऊ नका. नऊ दिवसांत एवढा घसरला, लग्नात लावाल तर नवरीऐवजी मांडवाचा खांब दिसेल.” उद्या महाडला जाऊन वस्तू परत करते.

१५ जुलै

पोलादपूरहून एसटीने महाडला. शहबाजभाईंच्या दुकानात भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पुराच्या पाण्याची रेघ आहे. त्यांनी ती रंगवून घालवली नाही. आत्ताही नदी इशारा पातळीच्या खालीच होती, तरी त्यांनी निम्मे लॅपटॉप माळ्यावर चढवले होते. शेजारचे हसतात म्हणाले. “हसू देत. हसणाऱ्यांचा माल मी भिजलेला बघितलाय.”

क्लॅम्प हातात घेऊन त्यांनी दोनदा पिळून बघितला. “हा घसरेल असं वाटत नाही गं. ठेव माझ्याकडे. मी इथे माळ्याच्या खांबाला लावतो, कॅमेरा रस्त्यावर धरतो. तोपर्यंत व्हिडिओ टाकू नकोस, उगाच मालाचं नाव खराब. तू दुसरा ने.” दुसरा भारीतला आहे, दुप्पट जाड. सोबत एक चिमुकली पाणसळ दिली, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसते, आतला बुडबुडा मधोमध असला की कॅमेरा सरळ.

निघताना म्हणाले, “वाडी ठीक आहे ना? पाऊस भयंकर आहे वर.” मी म्हटलं, मस्त. मस्त हा शब्द मी का वापरला कोण जाणे.

घरी येऊन नवा क्लॅम्प त्याच जागी लावला. बेचकं पुन्हा बरोबर टिकलीखाली आणायला अख्खी दुपार गेली. पाणसळीचा बुडबुडा मधोमध.

१६ जुलै

एका दिवसात दोन दाणे. हा तर पहिल्याहून फालतू निघाला.

१७ जुलै

झरा आटला.

धो धो पाऊस पडतोय आणि झऱ्यावर नुसता ओला दगड. बायका हंडे घेऊन परत फिरल्या, पागोळीचं पाणी धरलं. मी घरी येऊन वही उघडली आणि पहिलंच कारण सुचेना. शेवटी लिहिलं, पाण्याने वाट बदलली असेल. मग वाटलं, बदलून गेलं कुठे? आत?

नाही. मला माझं माहीत आहे. मी डंपरला डोंगर समजणारी बाई आहे. एक वासरू माझ्या नावावर आहे. मी उठून बाबांना विचारलं, “झरा असा कधी आटला होता का?” बाबा विळ्याला धार लावत होते. त्यांनी धार लावायची थांबवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “तू डोक्यात काय घेऊ नको.” पण ते पुढे धार लावायचं विसरले, विळा तसाच हातात धरून बसून राहिले.

फणस: अर्धं पेर. आईची टिकली आता मला आवडेनाशी झालीय.

१८ जुलै

फोनला रेंज फक्त रस्त्याच्या वळणावर येते. तिथे गेले तर शहबाजभाईंचे तीन मिसकॉल.

“समीक्षा, तीन दिवस झाले. पहिला फोटो आणि आजचा, केसाचाही फरक नाही. समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी जिथे होती तिथेच आहे. क्लॅम्प एकदम पक्का आहे.”

मी म्हटलं, “पण इथे दुसराही घसरतोय. जास्तच.”

ते म्हणाले, “दोन्ही कसे घसरतील? तुझा खांब हलतोय का? पाणसळ काय सांगते?”

मी परत येऊन पाणसळ बघितली. बुडबुडा मधोमध. खांबाला दोरीने दगड लटकवून ओळंबा धरला. खांब सरळ. हा दुसरा क्लॅम्प लावताना मी खडूची रेघ मारली होती, अर्धी क्लॅम्पवर, अर्धी खांबावर. दोन्ही अर्ध्या जुळतात.

क्लॅम्प हलला नाही. खांब हलला नाही. कॅमेरा हलला नाही.

पुढचं वाक्य लिहायला माझा हात होत नाही. कारणं लिही समीक्षा. पहिलं कारण. पहिलं कारण. नाही सुचत.

बाबांना सांगितलं तर ते उठणार नाहीत, तसं ते बोललेच आहेत. वाडीत सांगितलं तर हसतील. नाही सांगितलं तर. उद्या सकाळी आठचा फोटो बघते आणि ठरवते.

१९ जुलै, शाळेत

हे शाळेच्या दुसरीच्या वर्गात बसून लिहितेय. सगळं क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

आठचा फोटो आला. टिकली आणि बेचकं यांत पूर्ण बोट मावेल एवढी फट. मी लॅपटॉप उचलून चुलीपाशी बाबांसमोर ठेवला आणि म्हटलं, “बाबा, रागवा, मारा, पण एकदा बघा.” चार दिवसांचे अकरा फोटो एकामागून एक भराभर पुढे सरकवले. बाबांना यातलं काही कळत नाही, ते लॅपटॉपला अजून टीव्हीच म्हणतात. ते चहाची बशी हातात धरून बघत राहिले.

“परत लाव.”

परत लावले.

“ही वर कोपऱ्यात, आपली पन्हळ ना गो?”

“हो.”

“पयल्यात कुठं हाय ती?”

मी पहिला फोटो आणला. पन्हळ कोपऱ्यात. शेवटचा आणला. पन्हळ त्याच कोपऱ्यात, तसूभरही इकडची तिकडे नाही.

“कॅमेरा फिरला असता तर पन्हळ पन फिरली असती,” बाबा म्हणाले. “पन्हळ जाग्यावर हाय. फणस खाली आलाय.”

पंधरा दिवस मी टिकलीकडे बघत होते. पन्हळ नकोशी म्हणून तिच्याकडे डोळेच गेले नाहीत. बाबांनी बशी खाली ठेवली, ती कलंडली, चहा शेणाच्या भुईवर पसरला आणि आम्हाला दोघांनाही दिसलं की तो उंबऱ्याकडे न जाता भिंतीच्या कडेला गेला आणि तिथे एका भेगेत शिरला. ती भेग मी सोमवारीच सारवली होती. तेही मी वहीत लिहिलं नव्हतं.

बाबा उठले. टोपी घातली. मला म्हणाले, “वाजव.”

“काय?”

“भोंगा. वाजव आता.”

आणि मला आवाज फुटेना. खरंच सांगते, तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. वर्षभर दाबून ठेवलेला आवाज गेला कुठे देव जाणे. शेवटी बाबाच घरोघर गेले. ते काय बोलले मला ऐकू आलं नाही, पण गोमाजी स्वतः सांगतोय म्हटल्यावर माणसं गाठोडी बांधायला लागली. कोंडाजीआजा बडबडत होता, पण चालत होता.

आवडीकाकू दारात बसून राहिली. बाबांना म्हणाली, “औंदा नाय. गेल्या साली गेले त्याचं काय फळ मिळालं ते बगितलंय मी.” बाबांनी हात जोडले, तरी नाही.

तेव्हा मी तिच्या गोठ्यात गेले आणि गाय सोडली. दावं काढलं, पाठीवर थाप मारली आणि तिला पुढे घालून वाटेला लागले. मागे वळून बघितलं नाही. दहा पावलांवर काकूचा पाय वाजला. शाळेपर्यंत ती माझ्या मागून चालत होती, एक अक्षर न बोलता, आणि मी रडत होते, भीतीने की कशाने माहीत नाही.

कॅमेरा बरोबर आणलाय. क्लॅम्प खोलायला वेळ नव्हता, तो खांबालाच राहिला. एकतीस माणसं आहोत. मी तीनदा मोजली.

२१ जुलै

काहीच झालं नाही. पाऊस कमी झालाय. शहबाजभाईंनी टेम्पोतून चादरी, बिस्किटं आणि जुना लांबवरचा झूम लेन्स पाठवला. पहिला क्लॅम्पही परत आला. तो शाळेच्या खिडकीच्या गजाला लावलाय. इथून वाडी समोर दिसते, मधे फक्त ओढा आणि चढण. ग्रामपंचायतीत सांगून आलो, त्यांनी वर कळवलंय.

पोरं लॅपटॉपभोवती जमतात. बाबा लहान बाकावर गुडघे वर करून बसतात आणि दर फोटोला विचारतात, “फणस कुठं हाय?”

२२ जुलै

ऊन पडलंय. असं सोनेरी, धुतलेलं ऊन की डोंगराकडे बघून हसूच यावं. सगळं जिथल्या तिथे आहे. कोंडाजीआजाने भर वर्गात विचारलं, “लावणी ऱ्हायलीय माझी. किती दीस बसायचं? भोंग्याला इचारून सांगा.” दोघीतिघी हसल्या. आवडीकाकू हसली नाही. ती खिडकीतून गोठ्याकडे बघत होती.

मी इथे प्रामाणिकपणे लिहिते की मला परत जावंसं वाटतंय. कारणं लिहिते, या वेळी सरळ सुचतात. पाऊस थांबला. कालपासून फणस हललेला नाही. फोटोत काहीतरी चुकतही असेल, मी काही इंजिनिअर नाही. तिन्ही कारणं चांगली आहेत आणि तरी मी गाठोडं उचललेलं नाही. दिशाला विचारायला हवं, कारणं चांगली असूनही भीती जात नाही तेव्हा काय करायचं.

आजा गाठोडं उचलून दाराशी गेला तेव्हा बाबा बाकावरून म्हणाले, “कोंडाजी, फणस वर गेला काय परत?”

“झाड कदी वर जातं काय?”

“मंग बस खाली.”

आजा बसला.

२३ जुलै

सकाळी नऊला मोजलं तर तीस.

परत मोजलं. तीस. आवडीकाकू नव्हती. एक पोरगी म्हणाली, गाय पहाटेच वरती गेली, काकू तिला आणायला गेली. गायीला दुसरं काय कळणार, ती आपल्या गोठ्यात गेली. मीच तिचं दावं काढलं होतं आणि इथे आणून बांधायचं माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. गेल्या वर्षी बांधून ठेवलं म्हणून एक जीव गेला, या वर्षी मोकळं सोडलं म्हणून. हे मनात आलं आणि मी चपला न घालता पळाले.

ओढ्यावरच्या साकवापर्यंत आले. पुढे चढण. खडे घरंगळत येत होते, एक एक, वाऱ्याशिवाय. फणसाकडे बघितलं तर तो तिरका उभा होता, कॅमेऱ्याची गरजच नव्हती. मला पुढे जाता आलं नाही, हे लिहून ठेवते, मी शूर नाही. पण तोंड उघडलं आणि आवाज आला. असा आला की माझे मलाच कान बंद करावेसे वाटले.

“आवडीकाकू! काकू गो! खाली ये!”

उत्तर नाही. ती माझ्याशी बोलत नाही, मला आठवलं. ती ऐकत असेल आणि रागाने गप्प असेल. मी ओरडत राहिले. आईच्या नावाने शपथ घातली. घसा फाटला, रक्ताची चव आली, तरी ओरडत राहिले.

आणि वरच्या बांधावरून आवाज आला, “आले गो, आले! वरडू नको, गाय बुजंल!”

गाय पुढे, तिच्या मागे काकू, लुगड्याचा काष्टा खोवून, हातात दावं. साकव ओलांडून दोघी माझ्यापाशी आल्या. मी काकूचा हात धरला, तिने सोडवला नाही. आम्ही शाळेच्या हापशापर्यंत पोहोचलो असू. मागे आवाज झाला. गडगडाट नव्हे, बरीच माणसं एकदम उसासा टाकतील तसा, मग मोठा, मग पायाखालची जमीन थरथरली. गाय शेपटी वर करून उधळली. मी वळले तेव्हा फणस उभाच्या उभा खाली येत होता, पानांसकट. काकूच्या घरापाशी तो आडवा झाला आणि मग काहीच दिसलं नाही, नुसता तांबडा धुरळा आणि चिखल. दहा वाजून चाळीस मिनिटं.

काकूने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी वाकली. कोण किती वेळ उभं होतं आठवत नाही. मी मोजायला लागले. एकतीस. परत मोजले. एकतीस.

२७ जुलै

बचावाला आलेल्या माणसांबरोबर बाबा काल वर गेले होते. नऊपैकी सहा घरं नाहीत. आमचं अर्धं आहे. पडवीचा खांब आडवा पडलाय. बाबांनी खिशातून क्लॅम्प काढून माझ्यापुढे ठेवला. “सुटता सुटंना. पकड लावून खोलला,” म्हणाले. त्यावरची माझी खडूची रेघ अजून तशीच आहे. शहबाजभाईंना कळवलं की व्हिडिओ नव्याने लिहिते, मालात दोष नव्हता. ते म्हणाले, “घाई नाही. तू आधी जेव.”

मी अजून भिते. ट्रक गेला तरी उठून बसते. आता इथून पुढे आम्ही कुठे राहणार तेही माहीत नाही. दिशाचा नियम मी थोडा बदलून घेतलाय. कारणं लिहायची, पण लिहून झाल्यावर जाऊन बघायचं.

आज दुपारी आवडीकाकू येऊन बाकावर माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, “गो समीक्षा, माजं घर दाव.”

मी पाच जुलैचा फोटो उघडला. डोंगर, पन्हळ, खाली तिच्या कौलांची कड, उघडीप बघून कौलावर वाळत टाकलेलं तिचं हिरवं लुगडं. ते लुगडं मला आजवर दिसलंच नव्हतं. काकू पडद्याच्या अगदी जवळ गेली.

“आनि फणस? हा मधी ठिपका कसला?” तिने टिकली खरवडायला नख लावलं.

“टिकली आहे काकू. आईच्या पाकिटातली.”

काकूचं नख तिथेच थांबलं. टिकलीची एक कड वर आली होती आणि तिच्याखाली फणसाचं बेचकं दिसत होतं, पहिल्या दिवशी होतं तिथेच. काकूने अंगठ्याने टिकली परत दाबून नीट बसवली.